खाडीपलीकडचं कोर्ट

आंजर्ल्यातल्या एखाद्या जुन्या वाडीचा सातबारा हातात घेतला, की नावांची रांग लागते. पणजोबांचे तीन मुलगे, त्यातल्या मयतांचे वारस, सासरी गेलेल्या मुली, त्यांची मुलं. एखाद्या नावापुढे अजून 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती आई, असं लिहिलेलं असतं आणि तो अज्ञान मुलगा एव्हाना स्वतः आजोबा झालेला असतो. वाडी म्हणाल तर काही गुंठ्यांची. नारळ, पोफळी, मधे जायफळाची चार झाडं, विहीर, पाट. त्या नावांपैकी गावात राहणारं घर एखादंच. बाकीचे गिरगाव-दादरहून डोंबिवली-बदलापूरला सरकलेले, काही पुण्यात, काही बंगळूरला, काही न्यू जर्सीत.

ही सगळी माणसं धडधाकट असली तरी सह्या जमवताना वर्ष निघून जातं. पण त्यातल्या एखाद्याला विसर पडायला लागला तर? मुलाला भाऊ समजतो, दुपारी उठून शाळेत जायला निघतो, अशी अवस्था आली तर? माणूस मयत असेल तर वारस नोंदीची वाट आहे. अज्ञान असेल तर पालकाची आहे. हा माणूस ऐंशीचा आहे, हयात आहे, औषधपाण्याला पैसे लागतात आणि पैसे उभे राहतील ते त्याच्या हिश्श्यातूनच. मुलाकडे कुलमुखत्यारपत्र असतं, दूतावासात शिक्के मारून आणलेलं. पण 1872 च्या करार कायद्याचं 201 वं कलम सांगतं, की मुखत्यारपत्र देणाऱ्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी त्याचा जोर जातो. अमेरिकेतल्या कोर्टानं मुलाला पालक नेमलं तरी त्या हुकमाचं दापोलीत काय करायचं, हे आज कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

एकेकाळी थोडंफार लिहिलेलं होतं. त्याचा हा मागोवा.

आंजर्ल्यासारख्या गावाला दोन राज्यांची न्यायालयं ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथून पायी एका दिवसाच्या टप्प्यात तीन सत्ता नांदत होत्या. 1755 साली कमोडोर जेम्सनं तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला तो पेशव्यांकडे गेला. 1756 च्या करारानं बाणकोट आणि भोवतालची काही गावं कंपनीकडे गेली आणि किल्ल्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया झालं. बाणकोटच्या खाडीपलीकडे हरिहरेश्वर, श्रीवर्धन हा सिद्दीचा मुलूख. गंमत म्हणजे पेशव्यांचं मूळ गाव श्रीवर्धन हेही त्यातच. सोयरिकी मात्र या तिन्ही मुलखांत पसरलेल्या होत्या. आंजर्ल्याची मुलगी श्रीवर्धनला द्यायची, तिकडच्या रोठ्याच्या वाडीत माहेरचा काही हक्क असायचा, हे सगळं खाडीला न जुमानता चालायचं. तंटा झाला तर गोत बसायचं. भ्रमिष्ट भावाला कोण सांभाळणार, त्याच्या वाट्याचं कोण खाणार, याचा निवाडा भाऊबंदच करायचे.

तो निवाडा कशाच्या आधारे व्हायचा, हे आपल्याला कळतं त्याचं बरंच श्रेय याच दापोली तालुक्याकडे जातं. आंजर्ल्याची खाडी ओलांडली की हर्णे, आणि हर्ण्याच्या पुढे मुरूड. त्या मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक, मुंबई हायकोर्टातले सरकारी वकील, यांनी 1880 मध्ये व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती इंग्रजीत आणली. पांडुरंग वामन काणे यांचं घराणंही मुरूडचं, शिक्षण दापोलीचं. त्यांनी व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती काढली आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात दायभागाचं सगळं जंगल साफ केलं. या ग्रंथांतून दिसतं ते असं: बालकाचं धन तो मोठा होईपर्यंत राजानं राखावं. वेडा, जन्मांध, असाध्य रोगी यांना वारशात वाटा नाही, पण त्यांना जन्मभर पोसणं घरच्यांवर बंधनकारक आहे. त्यांच्या निर्दोष मुलांना वाटा आहे. आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा टीका पुढे सांगते, की वाटणीनंतर दोष गेला तर त्या माणसालाही वाटा मिळावा. वाटा नाकारणं क्रूर होतं, यात शंका नाही. 1928 च्या कायद्यानं ते बरंचसं संपवलं, जन्मतः वेडा असलेला तेवढा वगळून. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं उरलेलंही काढून टाकलं. पण पोसण्याची सक्ती हा भाग मला आजच्या कायद्यांपेक्षा जास्त माणुसकीचा वाटतो. त्यात माणूस आधी येत होता आणि मालमत्ता नंतर.

1818 नंतर कंपनी सरकार आलं. एल्फिन्स्टननं 1827 मध्ये मुंबई इलाख्यासाठी रेग्युलेशनांची संहिता आणली. त्यातलं आठवं रेग्युलेशन वारसांना औपचारिक मान्यता देण्याचं आणि मालमत्तेवर व्यवस्थापक नेमण्याचं. ते आजही जिवंत आहे. दापोलीच्या कोर्टात कुणी वारस दाखल्याचा अर्ज टाकला, की त्याच्या डोक्यावर त्याच 1827 च्या रेग्युलेशनचं नाव असतं. जवळजवळ दोनशे वर्षं एक कायदा टिकला, कारण तो लोकांच्या रोजच्या गरजेला उपयोगी पडत राहिला.

1858 मध्ये वेडसर माणसांच्या मालमत्तेसाठी कायदे झाले ते दोन, एकाच वर्षी. चौतिसावा कायदा मुंबई-कलकत्ता-मद्रासच्या सुप्रीम कोर्टांसाठी, पस्तिसावा मुफसलातल्या जिल्हा कोर्टांसाठी. कारण तोवर मुंबई शहरात राणीचं कोर्ट आणि बाहेर कंपनीची अदालत अशी दोन निराळी घराणी होती. 1862 मध्ये हायकोर्ट आलं आणि दोन्ही एका छपराखाली आली, पण कायद्यातली भिंत राहिली. हायकोर्टाच्या सनदेचं सतरावं कलम अज्ञान, मतिमंद आणि वेडे यांच्या देहावर आणि मालमत्तेवर अधिकार देतं. त्याचं मूळ इंग्लंडच्या राजाकडे जातं. चौदाव्या शतकापासून तिथला राजा अशा माणसांच्या जमिनींचा राखणदार मानला जाई. म्हणजे आंजर्ल्याचा माणूस गिरगावात नोकरी करताना भ्रमिष्ट झाला, तर तो एका घराण्याच्या अखत्यारीत आणि त्याची वाडी दुसऱ्या घराण्याच्या.

पोरक्या मुलाच्या बाबतीत ही अडचण सरकारनं लवकर ओळखली. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याचं सोळावं कलम चार ओळींचं आहे, पण फार शहाणं आहे. एका कोर्टानं पालक नेमला आणि मुलाची मालमत्ता दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत असली, तर हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल दाखवल्यावर त्या दुसऱ्या कोर्टानं तोच पालक मान्य करून हुकमाची अंमलबजावणी करायची. पुन्हा चौकशी नाही, पुन्हा साक्षीपुरावे नाहीत. एका न्यायाधीशानं दुसऱ्यावर ठेवलेला विश्वास कायद्यात बांधून टाकला. ही सोय अज्ञान मुलासाठी झाली. सज्ञान पण असहाय झालेल्या माणसासाठी इतक्या स्वच्छ शब्दांत ती कधीच झाली नाही, आणि पुढची सगळी गाथा या एका उणिवेभोवती फिरते.

1912 चा इंडियन लूनसी ॲक्ट सविस्तर वाचण्यासारखा आहे. नावानं अंगावर काटा येतो, आणि दवाखान्यात डांबण्याबद्दलचा त्याचा भाग वाईटच होता. पण जिल्हा कोर्टानं चौकशी कशी करावी याची त्यातली कलमं काळजीनं लिहिलेली होती. नातेवाइकांनी अर्ज करायचा. ज्याच्याविषयी अर्ज आहे त्याला नोटीस गेलीच पाहिजे. त्याला कोर्टात आणून न्यायाधीशानं स्वतः पाहावं, बोलावं, किंवा दुसऱ्या कुणाला पाहायला सांगावं. रिवाजानं चारचौघांत न येणारी बाई असेल तर दिवाणी संहितेतले तिच्यासाठीचे नियम लागू. न्यायाधीशाच्या मदतीला दोन किंवा अधिक असेसर बसवता येत. व्यवस्थापकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा, कोर्टाच्या परवानगीशिवाय विक्री नाही, गहाण नाही, पाच वर्षांवर भाडेपट्टा नाही. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: जो कायदेशीर वारस, त्याला त्या माणसाच्या देहाचा पालक नेमू नये. नेमायचाच असेल तर तो त्या रुग्णाच्या हिताचा का, हे न्यायाधीशानं लिहून ठेवावं. ज्याचा फायदा त्याच्या मरणात, त्याच्या हाती त्याचं जेवणखाण देऊ नये, इतका हा सरळ विचार आहे.

आंजर्ल्याच्या दृष्टीनं या कायद्यातलं खरं कलम मात्र अंतराचं. जिल्हा कोर्टापासून तो माणूस पन्नास मैलांपेक्षा लांब राहत असेल, तर जिल्हा कोर्टाला हाताखालच्या कोर्टास कमिशन देता येई. चौकशी त्या कोर्टानं करावी आणि कागद वर पाठवावेत. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी रत्नागिरी ते आंजर्लं हे अंतर पन्नास मैलांहून अधिक भरतं. आणि त्या काळी सरळ रेघेनं कोण जाणार? हर्ण्याला आगबोट लागायची ती समुद्रात, तिथवर पडावातून जायचं, रत्नागिरीला पुन्हा तसंच उतरायचं. पावसाळ्यात आगबोटच बंद. खुष्कीनं जायचं तर दाभोळची, जयगडची खाडी तरीनं ओलांडायची. बिथरलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला या वाटेनं नेणं म्हणजे त्याला मारणंच. दापोलीच्या दुय्यम न्यायाधीशानं त्याला जवळून पाहावं आणि रत्नागिरीच्या न्यायाधीशानं त्या पाहण्यावर भरवसा ठेवावा, अशी ही रचना होती. माणूस जागेवर राहील आणि कागद फिरतील. कोर्टाकोर्टांतल्या सहकार्याचा गाभा याहून वेगळा नाही.

पण बाणकोटची खाडी आली की हे सगळं थांबायचं. पलीकडे जंजिरा संस्थान. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या व्याख्येत संस्थानी कोर्ट हे परकीय कोर्ट. संस्थानांच्या कोर्टाचे हुकूमनामे ब्रिटिश हद्दीत बजावायची सोय 44 व्या कलमात होती, सरकारनं त्या संस्थानाविषयी अधिसूचना काढली असेल तर. तीही पैशाच्या आणि ताब्याच्या हुकूमनाम्यांपुरती उपयोगाची. अमका माणूस आपला कारभार पाहू शकत नाही, म्हणून त्याचा भाऊ व्यवस्थापक, असा हुकूम त्यात बसवणं कठीण. म्हणजे ज्याची एक वाडी आंजर्ल्यात आणि दुसरी श्रीवर्धनात, त्याच्यासाठी एकच दुखणं दोन राज्यांच्या दोन कोर्टांत दोनदा सिद्ध करायचं. फेरीत बसून तासाभरात पार होणाऱ्या पाण्यानं कायद्यात दोन देश केले होते. पुरावा मागवायला तेवढी एक वाट होती. संहितेच्या 77 व्या आणि 78 व्या कलमांखाली एका कोर्टानं हद्दीबाहेरच्या कोर्टाला विनंतीपत्र लिहायचं, की अमक्या साक्षीदाराची जबानी घेऊन पाठवा. ती वाट आजही आहे, आणि तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

खाली गोव्याकडे निराळीच पद्धत होती. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत माणसाला कारभारापासून दूर करण्याचा हुकूम कोर्ट द्यायचं, पण सोबत नातेवाइकांची कुटुंब परिषद बसायची. घरात अज्ञान किंवा असा माणूस वारस असेल तर मयताच्या मालमत्तेची यादी कोर्टात होणं सक्तीचं. भाऊबंदांना चौकशीत हक्कानं बसवण्याची ही रीत आपल्या गोताच्या बैठकीला जवळची होती. सावंतवाडीकडच्या घरांना तिन्ही रीती माहीत, संस्थानाची, इंग्रजांची आणि पोर्तुगिजांची, पण त्या तिघी एकमेकींशी बोलत नसत.

1912 च्या कायद्यात मात्र एक लहानसं कलम होतं, ज्याकडे फार कुणी पाहिलं नाही. परदेशी राहणाऱ्या एखाद्याच्या नावावर इथे शेअर किंवा सरकारी रोखे आहेत. तिथल्या कायद्यानं तो वेडसर ठरला आहे आणि त्याची मालमत्ता सांभाळायला तिथे कुणी नेमलेला आहे. असं असेल तर इथल्या कोर्टानं तेवढ्याची खात्री करून ते रोखे त्या नेमलेल्याच्या हवाली करायचा हुकूम द्यावा. इथे पुन्हा वेड सिद्ध करायचं नाही. हे कलम विलायतेला परतलेल्या साहेबांच्या सोयीसाठी लिहिलं गेलं, हे उघड आहे. आंजर्ल्याच्या वाडीला ते लागूही पडत नव्हतं, कारण जमिनीचा उल्लेख त्यात नाही. तरीही परक्या देशातल्या कोर्टानं सज्ञान माणसासाठी केलेली नेमणूक आपल्या कोर्टानं मानण्याची ती एक ओळ होती.

1948 मध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झालं आणि खाडीचं परकेपण संपलं. राज्यघटनेच्या 261 व्या कलमानं भारतभरच्या न्यायालयीन कामकाजाला सर्वत्र पूर्ण मान दिला आणि दिवाणी कोर्टांचे अंतिम हुकूम देशात कुठेही बजावता येतील असं म्हटलं. पुढे मानसिक आरोग्य कायदा 1987 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 1993 पासून अमलात आला. 'वेडा' हा शब्द गेला, 'मनोरुग्ण' आला. शहर आणि मुफसल यांतली भिंतही पडली, कारण आता सगळीकडे जिल्हा न्यायालय, आणि मुंबईसारख्या शहरात नगर दिवाणी न्यायालय. मनोरुग्ण जिथे राहतो तिथल्या न्यायालयात अर्ज, पालक, व्यवस्थापक, यादी, हिशेब, हे सगळं टिकलं. परदेशस्थाच्या शेअरांचं ते कलमही शब्द बदलून टिकलं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाला तोवर शंभराहून अधिक वर्षं झाली होती. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ज्या साली रत्नागिरीत आणलं त्याच 1886 सालचं ते. भिंतींमागे राहिलेल्या माणसांच्या नावावर गावोगाव जमिनी होत्याच.

याच सुमारास जग कुठे होतं? हेगच्या परिषदेनं 1905 मध्येच सज्ञानांच्या पालकत्वावर एक करार केला होता. 13 जानेवारी 2000 चा हेग करार त्याच्या जागी आला आणि 2009 पासून लागू झाला. माणूस जिथे नेहमी राहतो तिथल्या न्यायालयानं मुख्य निर्णय घ्यावा, जिथे मालमत्ता आहे तिथल्या न्यायालयाला गरजेप्रमाणे विनंती करावी, आणि पालकाला सगळीकडे चालेल असं प्रमाणपत्र द्यावं, असा त्याचा आराखडा. भारत हेग परिषदेचा सदस्य आहे, पण या करारात नाही. अमेरिकेला तर हा प्रश्न घरातच पडला. पन्नास राज्यं, पन्नास कायदे, आणि आजीला एका मुलीनं फ्लोरिडाला नेलं की दुसरीनं न्यू यॉर्कात अर्ज टाकायचा. 1997 मध्ये मुलांच्या ताब्यासाठी जो एकसारखा कायदा लिहिला गेला त्याच्याच धर्तीवर 2007 मध्ये सज्ञानांसाठी लिहिला, आणि एकेक करत जवळजवळ सगळ्या राज्यांनी तो घेतला. सलग सहा महिने जिथे राहणं झालं ते 'घरचं राज्य'. आधी निर्णय त्याचा. एका राज्याचा न्यायाधीश दुसऱ्या राज्याच्या न्यायाधीशाशी थेट बोलू शकतो. त्याला सांगू शकतो, की तुमच्याकडे साक्ष घ्या, डॉक्टरांकडून तपासणी करवा, कागदपत्रं द्यायला लावा, आणि नोंदलेलं सगळं इकडे पाठवा. पालकत्वाचा हुकूम दुसऱ्या राज्यात नुसता नोंदवला की पालकाला तिथेही अधिकार चालवता येतात. परदेशालाही तिथला न्यायाधीश एक राज्य समजून वागू शकतो.

म्हणजे न्यू जर्सीच्या न्यायाधीशाला आपल्याकडे विनंती पाठवायला त्याचा कायदा मोकळीक देतो. ती घ्यायला इकडे कोण आहे? पुन्हा तेच 78 वं कलम: परकीय कोर्टाची विनंती हायकोर्टाकडे येईल आणि हायकोर्ट साक्ष घ्यायला कमिशन काढेल. साक्ष जाईल, पण पालक येणार नाही. परदेशी हुकूमनामे बजावण्याचं 44 अ कलम पैशाच्या हुकूमनाम्यांपुरतं, आणि अमेरिका त्या यादीतच नाही. अपोस्टिलच्या करारात भारत 2005 पासून आहे, पण अपोस्टिल सही खरी असल्याचं सांगतं. त्या सहीनं दापोलीत काही घडवता येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत आपली न्यायालयं याहून पुढे गेलेली आहेत. मिशिगनमधून बापानं पुण्यात आणलेल्या एका मुलाला सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये परत पाठवलं, तिथल्या कोर्टाच्या हुकमाचा मान राखून. 2017 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की परक्या कोर्टाच्या आदरापेक्षा मुलाचं हित वरचढ. म्हणजे मुलांसाठी या प्रश्नावर तीस वर्षं वाद झाला, विचार झाला. म्हाताऱ्यांसाठी तो सुरूच झालेला नाही.

आणि मग 2017 उजाडलं. 2007 मध्ये भारतानं अपंगांच्या हक्कांचा जागतिक करार स्वीकारला होता. त्याचं सांगणं असं, की माणसाच्या वतीनं ठरवू नका, त्याला ठरवायला मदत करा. हे सांगणं योग्यच आहे, आणि आपल्या मनोरुग्णालयांचा इतिहास पाहता फार उशिरा आलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मर्यादित पालकत्व आणलं: विशिष्ट निर्णयापुरतं, विशिष्ट काळापुरतं, त्या व्यक्तीशी बोलून. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी दिला, पण उपचारांपुरता. तोच कायदा अमलात येताना 1987 चा कायदा रद्द झाला, आणि मालमत्तेच्या व्यवस्थापकाचं अख्खं प्रकरण त्याबरोबर गेलं. नोटीस, यादी, वार्षिक हिशेब आणि ते परदेशस्थाचं कलम, सगळंच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची जिल्हा समिती राहिली, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. स्मृतिभ्रंश झालेला ऐंशीचा माणूस तिथे बसत नाही. पक्षाघातानं कोमात गेलेला तर कुठेच बसत नाही.

मागे राहिलेली भोकं कागदोपत्री दिसतात. 1908 च्या नोंदणी कायद्यात 'प्रतिनिधी' या शब्दाखाली वेडसर माणसासाठी कोर्टानं नेमलेला कारभारी अजून उभा आहे, आणि त्याला नेमणारा कायदा उरलेला नाही. त्याच कायद्याच्या 35 व्या कलमानं दुय्यम निबंधकाला सांगितलंय, की दस्त करून देणारा वेडसर दिसला तर नोंदणी नाकारा. तो प्रामाणिकपणे नाकारतो. जमीन महसूल संहितेत हक्क मिळवणारा अज्ञान किंवा अन्यथा अपात्र असेल तर पालकानं तलाठ्याला कळवावं, असं आहे. कुठला पालक, हे आता तलाठी कुणाला विचारणार?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. आंजर्लं, केळशी, मंडणगडच्या पट्ट्यात पिढ्यांनी लावलेल्या पोफळी मोडून पडल्या, नारळ मुळासकट उपटले. पंचनामे झाले आणि मदतीच्या वाटपात सामाईक खातेदारांची संमतीपत्रं हवी झाली. घर सांभाळणाऱ्यांनी फोन लावायला सुरुवात केली. त्या फोनांवर किती घरांना कळलं असेल, की ज्याची संमती हवी तो आता संमती म्हणजे काय हेच जाणत नाही? वाडी साफ करायला मजूर हवेत, नवी रोपं लावायला पैसे हवेत. पोफळीला उत्पन्न यायला वर्षं लागतात, ती कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत.

त्याच पावसाळ्यात, ऑगस्ट 2020 मध्ये, मुंबई हायकोर्टात न्या. उज्जल भुयान आणि न्या. मिलिंद जाधव यांच्यापुढे कोमातल्या नवऱ्यासाठी बायकोचा अर्ज होता. कायदा नाही हे मान्य करून त्यांनी घटनेच्या 226 व्या कलमाखाली तिला पालक नेमलं. राज्य हे असहायांचं मायबाप, हा जुन्या सनदेतला विचारच इथे कामी आला. केरळ हायकोर्टानं आदल्या वर्षी, 2019 मध्ये, यासाठी रीत घालून दिली होती: डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट, सगळ्या वारसांची माहिती, आणि पालकानं दर सहा महिन्यांनी हायकोर्टाला हिशेब द्यावा. मुंबईनं देखरेखीचं काम राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दिलं. 1858 मध्ये जिल्ह्याला दिलेला अधिकार अशा रीतीनं पुन्हा हायकोर्टाच्या दारात गेला. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्ह्याची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत, म्हणजे आंजर्ल्याच्या अर्जाला आता सह्याद्री चढायचा. पण 1912 च्या कायद्यानं पन्नास मैलांचा विचार केला होता, आणि तो विचार आज कुठेही लिहिलेला नाही.

संसदेनं नवा कायदा करावा, त्यात 1890 च्या सोळाव्या कलमासारखं एक कलम सज्ञानांसाठी घालावं आणि हेगच्या करारात सामील व्हावं, असं मला मनापासून वाटतं. वारसाबद्दलची 1912 ची ती सावधगिरीही परत यावी. पण तोवर हायकोर्टाला स्वतःच्या नियमांनी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समिती आहे, दापोलीतही आहे. बंगळूरच्या किंवा न्यू जर्सीच्या कोर्टानं पालक नेमला असेल, तर त्या हुकमाची नक्कल आणि तिथल्या डॉक्टरांचा अहवाल पुरावा म्हणून धरावा. गावातल्या सहहिस्सेदारांची जबानी दापोलीत घ्यावी, वाडीची पाहणी तिथल्याच समितीनं करावी. ज्याच्याविषयी हे सगळं चाललंय त्याच्याशी न्यायाधीशानं व्हिडिओवरून का होईना, मराठीत बोलावं. इंग्रजी विसरलेली पण आंजर्ल्याच्या वाडीतली झाडं ओळीनं सांगणारी माणसं परदेशातल्या वृद्धाश्रमांत असतात. आणि मिळालेल्या हुकमाची एक प्रत तलाठ्याकडे आणि एक दुय्यम निबंधकाकडे हायकोर्टानंच पाठवावी, म्हणजे सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात पालकाचं नाव, त्याच्या अधिकाराची मुदत आणि विक्रीला कोर्टाची परवानगी लागेल ही अट, एवढं चढेल.